सुंबुल तुमचाच आहे!

...नाही, पण घेतलाच कसा, मी म्हणतो! समोरच्यानं म्हटलं म्हणून लगेच उचलायचा? आणि उचलला तो उचलला, बरणीसकट? अहो, बरणी तरी ठेवायची! तुम्हाला सांगतो, आख्खा हिवाळा मी त्या एका कांद्यापायी घरात बोलणी खाल्ली, सफरचंदं सोडली, जिन्यात बसलो, आणि... बसा ना तुम्ही, उभे का? चहा घ्या. नाही नाही, घ्याच, घर तुमचंच आहे... तर काय सांगत होतो? हां! म्हणायचं असतं हो, करायचं नसतं! एवढी साधी गोष्ट! आख्ख्या इस्फहानात शेंबड्या पोराला कळते, आणि आमच्या साडूला कळत नाही. कळत नाही कसली, चांगली कळते! त्याला सगळं कळतं, तेच तर दुखणं आहे!

आता तुम्हीच सांगा, तंदूरवाल्याकडं रोटी घ्यायला गेलात, पैसे पुढं केलेत की तो काय म्हणतो? "राहू द्या हो आगा, तुमच्यापुढं रोटीची काय किंमत!" म्हणतो की नाही? रोज म्हणतो. म्हणून काय तुम्ही रोटी बगलेत मारून चालू लागता? लागून बघा! तंदुरातली सळई घेऊन पुलापर्यंत मागं येईल. तो म्हणणार राहू द्या, तुम्ही म्हणणार छे छे असं कसं, तो पुन्हा म्हणणार, तुम्ही पुन्हा, मग तो पैसे घेणार, वर मोजूनही घेणार. त्याचं मन राखलं, तुमचं राखलं, रोटी गरम आहे तोवर घरी. दारातून आत शिरतानाही तेच, "आधी तुम्ही", "नाही, आधी तुम्ही", माझ्या मामाच्या लग्नात दोन म्हातारे असे उंबऱ्यात अडकले, की आतला पुलाव गारढोण झाला आणि नवरी रडायला लागली. पण दोघांपैकी एकानं तरी दुसऱ्याला ढकलून आत उडी मारली का? नाही मारली. कारण म्हणायचं असतं, करायचं नसतं!

आता हा साडू कोण, ते सांगतो. होशंग. माझी बायको मलीहे, तिची थोरली बहीण शहला, तिचा हा नवरा. माझ्याहून वयानं थोडासाच मोठा, पण मोठेपणा असा मिरवतो, की इस्फहानचा मोठा चौक यानंच बांधून घेतला. न्हाणीघराच्या फरशा विकतो. बोलणं इतकं गुळगुळीत, की माणूस त्याच्याच फरशीवरून घसरावा. आमच्या सासूबाई, फखरी खानम, त्याच्याकडं राहतात, त्यामुळं थोरला जावई म्हणजे देवमाणूस, आणि धाकटा जावई म्हणजे मी, म्हणजे फरामर्ज, म्हणजे... "बिचारा." माझ्या नावाआधी सासूबाई कायम बिचारा लावतात. "बिचारा फरामर्ज आला का?" "बिचाऱ्याला आशचं कढण वाढा." मी आयुष्यभर पाणीखात्यात नोकरी केली हो, भीक नाही मागितली! आता नदीलाच पाणी नाही, तर त्यात माझी काय चूक?

तर सुंबुल. दर नवरोजला मेजावर आरसा मांडतो, उगवलेले हिरवे गहू मांडतो, सफरचंद, लसूण, सिरका, सगळं मांडतो, आणि शेजारी सुंबुल हवा. निळ्या फुलांचा घोस, आणि वास असा, की खोलीत पाऊल टाकलं की वर्ष बदलल्याचं नाकाला आधी कळतं. बाजारात मिळतो की! गाडीभर मिळतो. पण तो म्हणजे कसा, आज आणला की उद्या मान टाकतो, आणि वास? वास शोधायला नाक आत घालावं लागतं. मलीहेचे वडील, देव त्यांना शांती देवो, घरात कांदा लावून सुंबुल फुलवायचे. दर हिवाळ्यात. त्यांच्या खोलीच्या खिडकीत. ते गेले, तेव्हापासून मलीहेनं बाजारचा सुंबुल घरात येऊ दिला नाही. म्हणते, "रिकामी जागा चालेल, पण ते नको." काही वर्षं बघितली मी ती रिकामी जागा. आरसा आहे, गहू आहेत, लसूण आहे, मध्ये दात पडल्यासारखी जागा. एका वर्षी म्हणून टाकलं, "मी फुलवतो!"

झालं! पहिल्या वर्षी फूल पानांतून वर आलंच नाही, आतच गुडघ्यात मान घालून बसलं. होशंग आला, वाकला, बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारतो, "फरामर्ज जान, कोबी लावलास का?" दुसऱ्या वर्षी कांदा सडला. पाणी बुडाला लागलं म्हणे. "पाणीखात्यातला माणूस ना," होशंग म्हणाला, "सवयीनं जास्त सोडलं असेल." सगळे हसले. मलीहे हसली नाही, पण ओठ दाबले तिनं, मी बघितलं! तिसऱ्या वर्षी आलं, सुरेख आलं, फक्त एक महिना आधी आलं. नवरोजला मेजावर काय, तर वाळकं गवत. सासूबाई म्हणाल्या, "बिचारा." नुसतं तेवढंच!

म्हणून यंदा ठरवलं, आता इकडची दुनिया तिकडं होवो. थंडी पडायच्या आधीच पुलाजवळच्या फुलवाल्याकडं गेलो. तो एक नंबरचा बोलघेवडा. म्हणतो, "आगा, कांद्याला वाटलं पाहिजे, की हिवाळा झाला. फसवायचं त्याला. आधी फ्रिजात, मग अंधारात, मग उजेडात. आणि सफरचंदाजवळ ठेवू नका, सफरचंदाच्या वाफेनं आतलं फूल आतच मरतं." मी म्हटलं, असं? घरी आलो आणि फ्रिजातली सगळी सफरचंदं बाहेर काढली. मलीहे म्हणाली, "वेड लागलं का? फळं बाहेर आणि कांदा आत? पाहुणे आले तर त्यांच्यापुढं काय कांदा ठेवू?" मी सफरचंदं गच्चीत ठेवली. गच्चीत ती गोठली. माझी आत्या बद्री आली, तिनं एक घेतलं, चावलं... कवळी सफरचंदात राहिली आणि आत्या रिकाम्या तोंडानं माझ्याकडं बघायला लागली. वर त्याही अवस्थेत म्हणते, "फार गोड आहे हो!" बघा, याला म्हणतात रीत! दात गेले तरी रीत सोडली नाही बाईनं.

रोज घरी आलो की आधी फ्रिज उघडायचा आणि वास घ्यायचा. मलीहेनं एकदा भाजीच्या खाली लपवून दोन सफरचंदं ठेवली होती, धरली मी! कांदा एका कोपऱ्यात कागदात गुंडाळलेला, सगळ्या घरात शांत झोपलेला असा तो एकटाच. मग तो काढला आणि लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर बसवला. मलीहेची चांगली बरणी, तिच्या आईकडून आलेली, निळ्या काचेची. खाली पाणी, पाण्याला बूड टेकायचं नाही, बोटभर अंतर, मी दिवसातून तीनदा वाकून बघायचो. त्याला वर्तमानपत्राची टोपी करून घातली आणि कपाटात ठेवला, कोटांच्या मध्ये, अंधारात. एकदा घाईत मलीहेनं कोट ओढला, बरणी कलंडली आणि पाणी सगळं माझ्या चांगल्या कोटाच्या खिशात. तो कोट घालून मी एका मयताला गेलो होतो, रुमाल काढायला खिशात हात घातला... जाऊ द्या.

आणि मग, तुम्हाला सांगतो, मुळं सुटली. पांढरी, केसांसारखी, आख्खी बरणी भरली. टोपी काढली तर खाली फिकट कोंब. मी घरात आवाज न करता चालायला लागलो. हसताय? तुम्ही कधी कोंब बघितलाय का फिकटाचा हिरवा होताना? खिडकीत ठेवला, दुसऱ्या दिवशी हिरवा! मी मलीहेला हाका मारून बोलावलं, ती हातातला भात टाकून आली, तिला वाटलं मी पडलो.

पण सुख कुठलं सरळ येतं? नवरोज तोंडावर आला की आपल्याकडं काय सुरू होतं? घरझाडणी! गालिचे बाहेर, पडदे खाली, भिंती धुवायच्या, छत पुसायचं, घरातली एकही वस्तू दोन मिनिटं जागेवर राहत नाही. खिडक्या उघडल्या की गारवा, बंद केल्या की शेगडीची धग. आणि माझा कांदा कसा, धग लागली की पळत सुटतो, गारठा लागला की रुसून बसतो! तो नवरोजच्या दिवशीच फुलायला हवा ना, आधी नको, नंतर नको. म्हणून मी बरणी छातीशी धरून घरभर फिरतोय. खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गच्चीत, गच्चीतून जिन्यात. मला स्वतःला ताप आला तेव्हा कुणी इतक्यांदा कूस बदलून दिली नव्हती! जिन्यात बसलो होतो, पायरीवर, मांडीवर बरणी, तर दुसऱ्या मजल्यावरच्या तलअत खानम वर येता येता थांबल्या. म्हणतात, "काय फरामर्ज आगा, तुम्हालाही झाडून काढलं वाटतं?"

आणि तो फुलला! वर्षाचा शेवटचा मंगळवार, त्याच्या सकाळी पहिलं फूल उघडलं, घोसात सगळ्यात खालचं. निळं. आणि वास! मी काही बोललो नाही. मलीहे शेजारच्या खोलीत गालिच्यावर गुडघे टेकून काहीतरी घासत होती. हात थांबला तिचा. उठली, ओले हात तसेच धरून आली, बरणीपाशी उभी राहिली आणि डोळे मिटले. म्हणाली, "बाबांच्या खोलीचा वास." बस. एवढंच म्हणाली. मी, तुम्हाला सांगतो, तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. हसू नका! तेवीस... किती का वर्षं असेनात लग्नाला, बायको अशी डोळे मिटून उभी राहिलेली मी किती वेळा बघितलीय? मग डोळे पुसून म्हणाली, "वर्ष पालटेल तेव्हा हा आरशासमोर ठेवायचा. आरशात दोन दिसतील." मी म्हटलं, दोन काय, तू म्हण, दहा ठेवतो!

आता इथं थांबलं असतं तर? गोष्ट संपली असती आणि मी सुखानं मेलो असतो. पण संध्याकाळी कोण? होशंग आणि शहला! मंगळवारची संध्याकाळ, रीतीप्रमाणं गल्लीत काटक्या पेटवून पोरं उड्या मारतायत, हे दोघं म्हणे आगीवरून उडी मारायला आमच्या गल्लीत आले. त्यांच्या गल्लीत आग नाही पेटत का? होशंगनं उडीबिडी काही मारली नाही, पोट सांभाळून आगीच्या बाजूनं चालत आला आणि थेट वर. आत पाऊल टाकलं आणि थबकला. नाक वर. तुम्हाला सांगतो, त्या नाकाकडं बघून माझा तीन वर्षांचा सगळा अपमान फिटला!

"सुंबुल?" म्हणाला. "घरचा?"

मी कुठला गप्प बसतोय! फ्रिज सांगितला, सफरचंदं सांगितली, टोपी सांगितली, बोटभर अंतर सांगितलं, सगळं सगळं सांगितलं. तो मान डोलवत होता. मला वाटलं, जळतोय. जळत नव्हता हो, पाठ करत होता! पण ते पुढं. मग तो म्हणाला, "वा, फरामर्ज जान! असा सुंबुल मी आख्ख्या शहरात बघितला नाही."

आता तुम्हीच सांगा, पाहुण्यानं आपल्या घरच्या वस्तूची तारीफ केली की आपण काय म्हणतो? म्हणावंच लागतं! तोंड आपोआप उघडतं. मी म्हणालो, "तुमचाच आहे! घेऊन जा!"

तो म्हणाला, "छे छे, काय बोलता! तुमच्याच घरी शोभतो." बरोबर! असंच म्हणायचं असतं.

मी म्हणालो, "नाही नाही, तुमच्यापुढं त्याची काय किंमत, न्याच!"

तो म्हणाला, "मेहनत तुमची, मी कसा नेऊ?" चोख! यात कुणी नाव ठेवून दाखवा.

मी म्हणालो, "मी मनापासून म्हणतोय!" आणि तो, छातीवर हात ठेवून, "मेलो तरी नेणार नाही."

झाली ना तीन? तीनदा म्हणायचं, तीनदा नाकारायचं, की सुटलो, चहा आणा, पिस्ते फोडा! बापजाद्यांपासून असंच चालत आलंय. मलीहे दारात ट्रे घेऊन उभी, माझ्याकडं बघतेय, डोळ्यांनी सांगतेय, बस. आता बस! पण मला काय झालं होतं, काय सांगू? मी चढलो होतो हो! आयुष्यात पहिल्यांदा होशंग माझ्यापुढं नाही नाही म्हणत होता, मी देतोय आणि तो हात जोडतोय, आणि शहला बघतेय, ती जाऊन सासूबाईंना सांगणार, की बिचारा फरामर्ज किती मोठ्या मनाचा! त्या धुंदीत माझं तोंड चौथ्यांदा उघडलं. आणि नुसतं उघडलं नाही. मी म्हणालो, "माझं मेलेलं तोंड बघाल, नाही नेलात तर!"

ट्रेमधले पेले वाजले.

होशंगनं एक मोठा सुस्कारा सोडला. म्हणाला, "शपथच घातलीत? मग काय, आता माणसाचा इलाज चालत नाही." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचा हात बरणीखाली होता! खाली होता म्हणजे, मला वाटतं, दुसऱ्या वेळेपासूनच तिथं होता! तुम्ही म्हणाल, तू नको म्हणायचंस ना मग. कसं म्हणू? स्वतःच्या मरणाची शपथ घालून मग म्हणू, की थांबा, मी गंमत केली? मी बोटसुद्धा हलवलं नाही. मी जिन्यापर्यंत पोचवायला गेलो! मी, माझ्या हातानं, मोटारीचं दार उघडून धरलं! म्हणालो, "सांभाळून, फुलाला धक्का लागेल." म्हणायचं असतं हो, करायचं नसतं, आणि मी करून बसलो!

वर आलो. मलीहेनं ट्रे ठेवला, खिडकीतला बरणीचा ओला गोल फडक्यानं पुसला आणि पडदा लावायला घेतला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "अगं, तो घेईल असं कुणाला वाटलं होतं?" ती म्हणाली, "मला." बस. माझा जीव असा तुटला, पण सांगू कुणाला? देणारा मीच ना!

दुसऱ्या दिवशी बाजारात पळालो. जे उरलं होतं, ते बांबूची काडी आणि रबर लावून उभं केलेलं. आणलं तरी. मलीहेनं बघितलं, उचललं आणि गच्चीत ठेवून आली. वर्ष पालटलं, टीव्हीवर तोफ झाली, आम्ही दोघं मेजापाशी, आरशात लसूण दिसतोय आणि मध्ये ती दात पडलेली जागा.

आणि पहिल्या दिवशी जायचं कुणाकडं? थोरल्यांकडं! म्हणजे सासूबाईंकडं, म्हणजे होशंगकडं! दार उघडलं आणि वास आला. आख्खा घोस फुललेला, मेजाच्या मध्यावर, आरशासमोर. दोन दिसत होते. मलीहे आत गेली, कुणाला धड भेटली नाही, सरळ त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि शेवटपर्यंत उठली नाही. पिस्ते नाही, गझची मिठाई नाही, चहा हातात गार झाला. माझ्या घरच्या फुलाचा वास घ्यायला माझ्या बायकोला दुसऱ्याच्या घरी खुर्ची शोधावी लागली!

आणि हा? पाहुण्यांनी विचारलं, "कुठून आणलात हो?" तर म्हणतो, "घरचाच आहे." बघा, खोटं आहे का? घरचाच आहे! कुणाच्या घरचा, ते कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. वर नाकानं कांदे सोलत उपदेश चालू, "काय आहे, कांद्याला वाटलं पाहिजे, की हिवाळा झाला. फ्रिजात ठेवायचा. पण सफरचंद जवळ नको हं! आणि पाण्याला बूड टेकायचं नाही, बोटभर अंतर..." माझं बोट! माझं बोटभर अंतर! सासूबाई ऐकतायत, कौतुकानं मान हलवतायत.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, थांब! रीत तुला एकट्यालाच येते काय? मी उठलो, मेजापाशी गेलो, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वा, होशंग आगा! असा सुंबुल मी आख्ख्या शहरात बघितला नाही!"

तो हसला. म्हणाला, "तुमचाच आहे! घेऊन जा!"

आलास ना वळणावर! पण मला एकदम हो कसं म्हणता येईल? मांडी घालून म्हातारेकोतारे बसलेत. मी म्हणालो, "छे छे, तुमच्याच घरी शोभतो." तो म्हणाला, "तुमच्यापुढं त्याची काय किंमत!" मी म्हणालो, "मेहनत तुमची, मी कसा नेऊ?" अहो, काय वेळ आली! माझ्याच तोंडानं मी सगळ्या गावासमोर मेहनत त्याच्या नावावर लिहून दिली! तो म्हणाला, "मी मनापासून म्हणतोय." मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मेलो तरी नेणार नाही." आणि मनात म्हणालो, आता ये. आता चौथ्यांदा म्हण. घाल शपथ! हात मी आधीच बरणीपाशी नेऊन ठेवला होता.

होशंगनं माझ्याकडं बघितलं. माझ्या हाताकडं बघितलं. आणि वळून शहलाला म्हणाला, "चहा आण गं."

चौथ्यांदा बोललाच नाही! कुठं थांबायचं ते ज्याला कळतं ना, त्याच्याच घरी फुलं राहतात, तुम्हाला सांगतो!

माझा हात हवेतच. एवढ्यात सासूबाईंना माझी दया आली. म्हणाल्या, "अरे होशंग, बिचाऱ्याला एवढा आवडलाय. फुलं झडली की कांदा दे त्याला. त्याच्या हातून कधी काही उगवतच नाही." होशंग म्हणाला, "दिला!" सगळे म्हणाले, वाहवा, काय मन आहे माणसाचं!

आणि दिला की! नव्या वर्षाच्या तेराव्या दिवशी घराबाहेर जेवायची रीत ना, तर सगळं खानदान नदीकाठी, म्हणजे नदी असायची तिथल्या काठी, सतरंज्या टाकून जेवायला बसलं होतं, तिथं सगळ्यांसमोर मला प्लॅस्टिकची पिशवी दिली. आत कांदा. पानं पिवळी, लोळलेली, दांडा कापलेला. फुलवाला सांगतो, घरात एकदा फुलवला की हा दमतो, पुढच्या वर्षी पानंच देतो. बरणी? बरणी नाही आली! शहलाला आवडली म्हणे, आईकडचीच तर होती. होशंग म्हणाला, "किरकोळ आहे हो, तुमच्यापुढं काय किंमत." आणि मी? मी काय म्हणालो असेन? उभा राहिलो, पिशवी छातीशी धरली आणि म्हणालो, "तुमचे हात कधी दुखू नयेत, होशंग आगा. फार मोठे उपकार झाले." वर तीनदा म्हणालो!

परतताना गाडीत पिशवी मलीहेच्या मांडीवर. सिग्नलला थांबलो, पुढं दोन फर्लांग गाड्या, सगळं शहर जेवून परत निघालेलं. मीच सुरुवात केली, "बघितलंस तुझा भावजी? निर्लज्ज! अगं, म्हणायचं असतं, करायचं नसतं!"

तर ती माझ्याकडं न बघता म्हणते कशी, "त्याला नावं ठेवू नकोस. त्यानं नेलं. दिलं तू." मग म्हणाली, "आमच्या घरी मला मागायला आला होतास, तेव्हा बाबांना म्हणाला होतास, तुमच्या लेकीला तळहाताच्या फोडासारखं जपेन. तेही म्हणायचंच होतं का?"

मी म्हणालो, "छे छे! ते मनापासून होतं."

ती म्हणाली, "खरंच?"

मी म्हणालो, "खरंच गं!"

ती म्हणाली, "खरंच?"

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "अगदी खरं!"

तिनं मान वळवली, माझ्याकडं नीट बघितलं, तोंड उघडलं... आणि मागच्यानं भोंगा वाजवला. सिग्नल हिरवा झाला होता. तुम्हाला सांगतो, चौथ्यांदा विचारलं असतं ना, तर मी पुन्हा माझ्याच मरणाची शपथ घातली असती, आणि यावेळी मलीहे काय उचलून चालती झाली असती, देव जाणे!